फेरतपासणी

"आत जाताना एकदा तरी खुर्चीला धडक," बायको कुजबुजली.

"आणि पाय मोडला तर गोळा तू फेकणार?" नवरा म्हणाला.

बाकावर तिघं बसली होती. तो, ती आणि क्लबचे सर. समोरच्या बंद दाराआड डोळ्यांचे डॉक्टर. नातेवाइकांना इथवर प्रवेश नव्हता, म्हणून सरांनी तिच्या अंगात क्लबचं जाकीट चढवलं होतं आणि वहीत 'मदतनीस' अशी नोंद केली होती. लग्नाला अकरा वर्षं झालेल्या बाईला हे पद काही नवीन नव्हतं.

अपंगांच्या स्पर्धा पूर्वी वर्षातून एकदा व्हायच्या. पाहुणे यायचे, डोळे पुसायचे, हरलेल्या-जिंकलेल्या सगळ्यांना सारखाच प्लॅस्टिकचा डबा देऊन जायचे. मग नियम आले, गट आले, विक्रम आले. खेळ खरा झाला तशी भांडणंही खरी झाली. दुसऱ्या क्लबानं लेखी तक्रार केली: अल्पदृष्टी गटातला हा गोळाफेक्या बाजारात काठीवाचून फिरतो, टोमॅटो निवडून घेतो, समोरच्याला नावानं हाक मारतो. याला चांगलं दिसतं.

तक्रार खोटी असती तर ती निवांत बसली असती. पण त्यातलं वाक्य न् वाक्य खरं होतं. घरात तर तो खोलीत शिरला की आधी दिवा लावायचा. रोज निघताना तिला म्हणायचा, "बट आलीये कपाळावर." आणि बट आलेली असायचीच.

गटाच्या मर्यादेपेक्षा जास्त दिसतं असं ठरलं, तर पाच वर्षांची पदकं परत आणि नाव कायमचं बाद. खांदा दुखावला होता तेव्हा गोळाफेकीविना तो कसा होतो हे तिनं पाहिलं होतं. तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडला होता.

लग्नाच्या वेळी तिची आई म्हणाली होती, "आज अंधूक, उद्या अंधार. मग काय करशील?" तिनं ठणकावून सांगितलं होतं, आहे तेवढी नजर टिकेल, डॉक्टरच म्हणालेत. आता तेवढीही नसलेली बरी, म्हणून देव पाण्यात घालून बसलेली ती बहुधा जगातली पहिलीच बायको असावी.

"खरं सांग, हल्ली जास्त दिसतंय का तुला?"

"तुझ्यापुरतं दिसतं."

"चेष्टा पुरे. आत थोडं नाटक कर."

"एका दिवसाचं नाटक पकडलं जातं," तो म्हणाला. "रोज करणाऱ्याचं निभतं."

"बघा सर, याला थट्टा सुचतेय!"

"वहिनी, हळू," सर म्हणाले. "इथे तुम्ही वहिनी नाही."

दार उघडलं. सहायकानं नाव पुकारलं. नवरा उठला आणि सहायकाच्या खांद्यावर हात ठेवून, जपून पावलं टाकत आत गेला. तेवढं तरी नाटक केलंन, म्हणून तिला जरा धीर आला.

पाच मिनिटांत तो धीर संपला. सरांनी भिंतीवरचा डोळ्यांची निगा राखण्याचा तक्ता सात वेळा वाचला. तिनं जाकिटाची चेन इतक्यांदा वरखाली केली की शेवटी ती अर्ध्यावर अडकून बसली.

"पकडलं असेल का हो?"

"पकडलं असतं तर एवढा वेळ लागला नसता," सर म्हणाले. मग पुन्हा तक्त्याकडे वळत म्हणाले, "किंवा लागलाही असता."

चाळीस मिनिटांनी डॉक्टर स्वतः बाहेर आले. दार त्यांनी पाठीमागे ओढून घेतलं.

"क्लबचे तुम्हीच दोघं ना?"

सरांनी मान हलवली.

"तक्रारीत तथ्य नाही. पदकं कुठे जात नाहीत."

सरांनी मांडीवर थाप मारली. तिनं सकाळपासून कोंडलेला श्वास सोडला.

"गट मात्र बदलावा लागेल."

ती बाकावरून उठलीच. "म्हणजे जास्त दिसतं?"

"छे हो. पूर्ण अंधांच्या गटात घालतोय. त्यांना उजेडसुद्धा कळत नाही. दोन वर्षं झाली म्हणाले." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "आणि त्यांची एक विनंती आहे. त्यांच्या बायकोला यातलं काही कळू देऊ नका."