फुल्या

आमच्या वेबसिरीजची सबटायटल्स तपासायला मी माझ्या बहिऱ्या आत्याला स्टुडिओत नेलं. पहिल्याच भांडणात सबटायटलमध्ये नुसत्या फुल्या आल्या, तशी ती पडद्यावरच्या नटाच्या ओठांकडे बोट दाखवत खेकसली, "थांबवा! ऐकणाऱ्यांना अख्खी शिवी आणि आम्हाला फुल्या? आम्ही काय पाळण्यातली बाळं आहोत?"

दिग्दर्शक तोंडभर हसले. "आत्याबाई, तुमचा मान राखायलाच केलंय ते." मग माझ्याकडे वळून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. मलाही धड ऐकू आलं नाही.

आत्याने मार्कर उचलला आणि फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'ही ××× म्हातारी डोक्याला ताप आहे.'

"तुमचंच आत्ताचं वाक्य आहे," ती दिग्दर्शकांना म्हणाली. "मान राखून लिहिलंय."