पिराजीआबांची दोन पोती

तेरच्या शेतकरी उत्पादक कंपनीत सोयाबीनचा ओलावा मोजायचं काम चैतालीकडं होतं, आणि आज रांगेत तिचे सख्खे चुलते उभे होते. वर्षभर कंपनीला नावं ठेवणारे पिराजीआबा पहिल्यांदाच माल घेऊन आले होते, तोही दोनच पोती. ते सभासद झाले तर अख्खी गल्ली त्यांच्या मागं येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पहिलं पोतं चांगलं निघालं. दुसऱ्याला यंत्रानं सोळा टक्के दाखवले. चालायचे बारा.

"आबा, ह्ये वलं हाय. घेता येत न्हाय."

"आडत्या पोत्यामागं दोन किलो कापून घेतो की."

"आमी कापत बी न्हाय, घेत बी न्हाय. वाळवून आणा."

"सख्खी पुतणी असून?"

"व्हय." तिनं पोतं बाजूला सरकवलं. गल्ली हातची गेली, असं तिला वाटलं.

आबांनी शांतपणे मोबाईल काढला. "धम्मपाल, टेम्पो आत घे. समदी पोती हितंच उतरायची."

"आबा, ती बी वली निघाली तर?"

"न्हाय गं. वलं हे एकच. सकाळी म्याच तांब्याभर पाणी वतलंय त्यात."