मांजराचं खोबरेल

बाटलीतलं खोबरेल पुन्हा बोटभर उतरलं होतं.

राहीबाईने बाटली उन्हात धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. पौषाच्या थंडीने तेल थिजून पांढरंफेक झालं होतं, त्यामुळे डोळा फसायचा प्रश्नच नव्हता. तिला बरं वाटलं. बाटली तिने परड्यातल्या दगडावर उन्हाला ठेवली आणि घरात वळली.

आत बनुबाई भाकऱ्या थापत होती. चुलीचा धूर डोळ्यांत गेला, तिने मनगटाने डोळे पुसले आणि त्या नादात डोक्यावरचा पदर घसरला. सासूसमोर सुनेचा पदर कधी ढळायचा नाही, आज ढळला. केस काथ्यासारखे राठ होते. तेलाचा थेंब लागून किती दिवस झाले असतील कोण जाणे.

राहीबाई उंबऱ्यातच थांबली. बाटलीतलं तेल तर उतरतंय, आणि केस हे असे. तिला काही मेळ बसेना.

हा मेळ तिच्या जिवाचा होता. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं त्याला दोन वर्षं होत आली, आणि तिचा लेक मानसिंग पलटणीबरोबर तिथेच होता. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याचीही नाही. गावातला पेन्शनीत आलेला सुभेदार नुसतं 'बेपत्ता' म्हणायचा, आणि त्या एका शब्दावर ना रडता येत होतं ना हसता. म्हणून राहीबाईने मनाशी एक धरून ठेवलं होतं. बायकोला आतून कळतं. सून केसाला तेल लावतेय तोवर माझा लेक आहे. लढाईच्या त्या दिवसांत खोबरेल मिळायची मारामार, पण ती भावाच्या मागे लागून मिरजेहून बाटली आणवायची, आणि सुनेला विचारायची छाती होत नाही म्हणून रोज बाटलीलाच विचारायची.

उंदीर तर पीत नसतील? का आपलंच डोकं फिरलं? ती गुपचूप परड्यात आली आणि कडब्याच्या गंजीआड उभी राहिली. स्वतःच्याच घरात चोरासारखं उभं राहायची तिला लाज वाटत होती, पण पाय हलत नव्हते.

थोड्या वेळाने बनुबाई बाहेर आली. तिने काडीने बाटलीतला तेलाचा गोळा काढला, करवंटीत टाकला, आणि कुठूनशी घरची मांजरी शेपटी उभारून आली. गोळा ती लोण्यासारखा चाटू लागली. काय तिचं अंग चमकत होतं! पाठीवर माशी बसती तर घसरली असती.

"काय चाललंय गं ह्ये?" राहीबाई पुढे झाली.

बनुबाई दचकली नाही. मांजरी व्यायली आहे, पिल्लं पिऊन पिऊन ती पार वाळली होती, तेल दिल्यापासून अंग धरलंय, असं काहीबाही ती सांगू लागली. राहीबाईने तिच्या डोक्याकडे बोट केलं. मग सुनेचा आवाज खाली आला.

"आत्ती, डोक्याला लावलं तर किष्णंवर धुण्याला बायका म्हणत्यात, नवऱ्याचा पत्ता न्हाई आन् ही नटती. न्हाई लावलं तर तुमी रोज बाटली बगता."

म्हणजे हिला माहीत होतं. राहीबाईला रागवायचं होतं, पण कुणावर ते कळेना. बायकांवर, सुनेवर की त्या मांजरीवर? ती दगडावर बसली.

"बने, खरं सांग. तुला काय वाटतंय? त्यो हाय का न्हाई?"

बनुबाईने काडीला चिकटलेलं तेल करवंटीच्या कडेला पुसलं.

"सकाळी वाटतंय, हाय. पाणी आणून झालं की वाटतंय, न्हाई. मला काय बी समजत न्हाई, आत्ती."

राहीबाईलाही कुठे समजत होतं? दोघींचं एकच झालं होतं, आणि दोघीही ते एकमेकींपासून लपवत होत्या.

तेवढ्यात शेजारची धोंडुबाई विस्तव न्यायला आली. शेणीच्या तुकड्यावर निखारे घेऊन ती मागल्या दाराने निघाली खरी, पण बाटली, करवंटी आणि या दोघी बघून तिथेच थबकली. एवढं महागाचं खोबरेल कुणाच्या डोक्याला, असं तिने हसत हसत विचारलं. नजर मात्र बनुबाईच्या पदरावर होती.

"मांजराला," राहीबाई म्हणाली. "व्याल्यावर द्यावं लागतंय. अंगाला तेज येतंय."

 राहीबाईने बाटली उचलली. एव्हाना तेल कडेने सुटलं होतं. तिने ते तळहातावर ओतलं, चांगलं पसाभर, आणि त्यातले चार थेंब तेवढे करवंटीत सोडले. बाकीचं बोटांमधून गळू लागलं.

"हाताला लय राहिलं की गं," ती सुनेला म्हणाली. "कुठं पुसू आता?"

बनुबाईने लुगड्याचं टोक पुढे केलं. राहीबाईने ते घेतलं नाही. तिने सुनेला खाली बसवलं, तिच्या डोक्यावरचा पदर मागे सारला आणि दोन्ही हात तिच्या केसांवर पुसायला घेतले. आधी भांगावर, मग कानामागे, मग बोटं आत घालून पार मुळांशी.

मांजरीची करवंटी चाटून झाली, धोंडुबाईच्या हातातला विस्तव राखेला आला, तरी राहीबाईचे हात काही पुसून झाले नव्हते.