ओसरीवरचं गाऱ्हाणं

अडतीस सालात अनसिंगचे इंद्रभानजी नागपूरच्या असेंब्लीवर मेंबर होते. अधिवेशन सुरू झालं की आठवडाभर ते तिकडेच असायचे आणि शनिवारी परतायचे. रविवार उजाडत नाही तोच ओसरीवर माणसांची रीघ लागायची. कुणाला गावात विहीर हवी, कुणाला दवाखाना. त्यांची बायको सोजरबाई आतून चहा पाठवायची आणि मनातल्या मनात जळायची. मालेगावच्या एका म्हातारीच्या म्हशीचीसुद्धा नवऱ्यानं चौकशी केली, तेव्हा तिला त्या म्हशीचाही हेवा वाटला. स्वतःच्या बायकोशी हा माणूस महिनाभरात इतकं बोलला नव्हता.

पुढच्या रविवारी तिनं चूल जावेवर सोपवली. पदर नाकापर्यंत ओढून मागच्या दारानं निघाली आणि ओसरीवर गाऱ्हाणी घेऊन आलेल्या बायांमध्ये जाऊन बसली. तिची पाळी आली तेव्हा इंद्रभानजी मान खाली घालून आधीच्या माणसाचा अर्ज लिहीत होते.

"बोल माय, काय गाऱ्हानं हाय तुहं?"

"माहा नवरा माह्याशी बोलत नाही जी," ती पदराआडून पुटपुटली.

"काहून? दारू पेते काय?"

"नाही. साऱ्या गावाशी बोलते. मलेच इसरला."

इंद्रभानजी तापले. "असा कसा नवरा तो! आत्ता बलावतो त्याले. नाव सांग त्याचं."

 

सोजरबाईनं पदर मागं सारला आणि भरल्या ओसरीत, उखाण्याशिवाय, आयुष्यात पहिल्यांदाच नवऱ्याचं नाव घेतलं.