लेनचा हात

ऑलिव्ह फावडं घेऊन मागच्या अंगणात आली तेव्हा एझ्रा फुल्चर झारीनं माती भिजवत होता. इंग्लंडमधल्या सफोकच्या त्या खेड्यात ‘नांगर’ हा एकच पब, आणि त्याच्या मागे अठरा पावलांच्या अंतरावर चिकणमातीचे दोन चौकोन. एका चौकोनापाशी उभं राहून दुसऱ्यात लोखंडी कडं फेकायचं, ते खुंटीभोवती पडलं पाहिजे, असा तो खेळ. माती सुकली की तडकते, म्हणून ती रोज भिजवावी लागते. खेळणारे सगळे लढाईवर गेले होते. सत्तरीच्या एझ्राला कोण नेतंय? तो आपला रोज सकाळी यायचा. लेन परत येईल तेव्हा त्याला माती तयार मिळाली पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

लेन म्हणजे ऑलिव्हचा नवरा. पब त्याचा, आणि खेळात तो एझ्राचा वीस वर्षांचा जोडीदार. त्याची पलटण होती ते सिंगापूर जपान्यांच्या हाती पडून दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून लेनचं एक पत्र नव्हतं.

ऑलिव्हनं सांगितलं की आज ती दोन्ही चौकोन खणणार आहे. कांदे लावायचेत.

“चिकणमातीत कांदे?” एझ्रा म्हणाला. “पोरी, तुझा बाप शेतकरी होता की पाद्री?”

ती हसली नाही. एझ्रा मातीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. इथून हलायचं नाही, असं त्यानं ठरवूनच टाकलं. घरी दिवसभर बोलायला कोणी नव्हतं. इथे निदान लेनची वाट तरी बघता यायची.

ऑलिव्हनं फावडं भिंतीला टेकवलं. एकदा टाकून दाखवा, मग बघू, असं म्हणाली.

खुंटी मातीत बुडालेली असते, लांबून दिसत नाही. तिच्यापाशी कुणीतरी पांढरा कागद खोचायचा. ते काम जोडीदाराचं. हल्ली एझ्रा स्वतःच कागद खोचून यायचा, कडं टाकायचा, आणि ते कुठे पडलं हे बघायला स्वतःच जायचा. आज त्यानं खिसे चाचपले, पण कागद काही निघेना. मी खोचते, ऑलिव्ह म्हणाली. मातीपाशी बायकांनी यायचं नाही असा तिथला रिवाज होता. एझ्रा थोडा कुरकुरला आणि दुसऱ्या टोकाला गेला. तिनं ॲप्रनच्या खिशातून एक घडी काढून खुंटीपाशी उभी केली.

एझ्रानं नेम धरून कडं फेकलं. ते कागदाच्या वीतभर अलीकडे पडलं.

त्यानं ओरडून विचारलं, कुठे पडलं? ऑलिव्ह मातीपासून बाजूला झाली. तो पाय ओढत आला आणि वाकला. कडं उचलायचं राहिलं. कागदावर सरकारी शिक्का होता. त्यानं तो उपटला आणि हात लांब करून वाचला. लेन तिकडच्या कैद्यांच्या छावणीत आजारानं गेला होता. पत्र मंगळवारी आलं होतं, आज शनिवार. मधल्या सगळ्या संध्याकाळी ऑलिव्हनं गिऱ्हाइकांना बिअर भरून दिली होती आणि कुणाला काही कळू दिलं नव्हतं.

“तोंडानं सांगवेना,” ती म्हणाली. “तुम्ही सकाळी झारी घेऊन येता ते खिडकीतून दिसतं, काका. आता नाही बघवत.”

एझ्रानं कागदाला लागलेली माती बाहीनं पुसली आणि घडी तिला परत दिली. तो कडेच्या फळीवर बसला. आता ही पण माझ्यासारखीच एकटी झाली, असं त्याच्या मनात आलं, आणि तसं मनात आल्याची त्याला लाज वाटली.

मग त्यानं फावडं मागितलं. मीच खणतो म्हणाला.

ऑलिव्हनं ते दिलं नाही.

“अकरा वर्षं संसार केला,” ती म्हणाली. “दर शनिवारी इथला आरडाओरडा ऐकायचे. मी आपली आत ग्लास विसळतेय. तो कसा टाकायचा, ते एकदासुद्धा बघितलं नाही मी.”

एझ्रा उठला. कडं घेऊन पुन्हा दुसऱ्या टोकाला गेला. लेन डावखुरा. एझ्रानं कडं डाव्या हातात घेतलं. त्या हाताला ते पेलत नव्हतं. लेनसारखी मान तिरकी केली, लेनसारखी जीभ दातांत धरली, उजवा पाय पुढे टाकला आणि सगळा जोर लावून फेकलं. कडं भलतीकडेच गेलं आणि कुंपणाच्या झुडपात पडलं.

ऑलिव्हनं ते कुठे पडलं हे पाहिलंच नाही. ती एझ्राच्या डाव्या हाताकडे बघत होती.

“असा टाकायचा,” एझ्रा म्हणाला. “फक्त त्याचं लागायचं.”