अर्ध्या मिलिमीटरची फट

आपल्या लेथच्या दुकानात बिराप्पानं कॉलर, म्हणजे गिअर बदलणारी दातेरी कडी, हातानं गिअरमध्ये सरकवून दाखवली. दात खाचांत असे बसले की मधून केससुद्धा गेला नसता. "बघ पोरी," तो म्हणाला, "हाय का कुठं हालचाल?"

हालचाल नव्हती, आणि तीच राजेश्वरीची पंचाईत होती.

सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं रोबो घेऊन उद्या सकाळी पुण्याला स्पर्धेला निघणार होती. रोबोनं सपाटीला जोरात पळायचं आणि चढ लागला की न थांबता खालच्या गिअरवर यायचं, ही कल्पना राजेश्वरीची. दोन महिने खपून काढलेलं ड्रॉइंगही तिचंच. आज संध्याकाळी सरांसमोर गिअर पडला नाही, तर गिअरबॉक्स काढून टाकून रोबो एकाच गिअरवर न्यायचा, असं ठरलं होतं. बाकीच्या पोरांना ते मनातून बरंच वाटत होतं.

ड्रॉइंगवर तिनं दातांना अर्ध्या मिलिमीटरची फट लिहिली होती. बिराप्पानं ती वाचली, कॉलेजच्या पोरीची चूक समजला आणि एका शब्दानं न बोलता सुधारून टाकली. चाळीस वर्षं उसाच्या चरकांची चाकं कापणाऱ्या माणसाचा तो मोठेपणाच होता. अशा उपकाराला काय म्हणावं ते तिला कळेना.

तिनं सांगून पाहिलं. चाक फिरत असताना दातांना आत शिरायला जागा लागते, म्हणून फट मुद्दामच ठेवली होती. बिराप्पा हसला. ढिलं काम आपल्या दुकानातून बाहेर पडलं तर गुऱ्हाळवाले तोंडावर हसतील, असं त्यानं बजावलं आणि चहा मागवला.

राजेश्वरीनं चहा तसाच ठेवला. गिअरबॉक्स जोडला, मोटरसायकलच्या बॅटरीवर मोटर चालू केली आणि गिअरची दांडी त्याच्यापुढं धरली.

"काका, आता तुमी टाका."

बिराप्पानं दांडी ढकलली. नुसती करकर झाली. पुन्हा जोर लावून ढकलली. दात दातांवर घासत राहिले, आत जाईनात. चौथ्या खेपेलाही तेच झालं, तशी त्यानं स्वतःच बॅटरीची वायर उपसली. मग कॉलर काढून घेतली आणि बोटांत फिरवून एकेक दात पाहिला. तिला त्याची दया आली, आणि ती दिसू नये म्हणून तिनं गार झालेला चहा पिऊन टाकला.

त्यानं कानस घेतली. बारा दात, दोन्ही बाजूंनी. त्यात दुपार गेली. चारच्या सुमारास मोटर फिरत असताना त्यानं दांडी जरा टेकवली आणि गिअर खटकन पडला. त्यानं तो काढला, परत टाकला, असं सहा-सात वेळा केलं. तिच्याकडं पाहिलं नाही. राजेश्वरीला मात्र हसू आवरत नव्हतं.

ती सामान भरायला लागली तेव्हा बिराप्पानं ड्रॉइंग पुढं ओढलं आणि तिला पेन काढायला सांगितलं.

"लिव. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरनं फट ठेवली. अन् खाली सही कर, पूर्ण नाव."

त्या कागदावर आजवर नुसता ग्रुपचा नंबर होता. तिनं लिहिलं, सही केली. बिराप्पानं कागद लांब धरून ती सावकाश वाचली.

"आता बिघडलं तर तुझं," तो म्हणाला. "अन् चाललं तरी तुझंच."