हौसाबाईचा भोंगा

हौसाबाईच्या घंटागाडीवर आज कचऱ्याचं गाणं वाजत नव्हतं. लेकीनं बनवलेला मोबाईलमधला प्रोग्राम रोज गावाचं नाव इंटरनेटवर शोधायचा आणि सापडेल ते बोलून दाखवायचा. आज हौसाबाईनं तेच भोंग्याला जोडलं होतं.

“नगरपालिकेची पूर्ण झालेली कामं. कुंभार गल्ली, डांबरी रस्ता, मार्च.”

बादल्या घेऊन आलेल्या बायका पायाखालच्या खड्ड्यांकडे बघतच राहिल्या.

पाचव्या गल्लीत मुकादम धावत आला. “हे काय लावलंयस?” म्हणत त्यानं भोंगाच उपटून नेला.

हौसाबाईला वाचता येत नव्हतं. पण पाच गल्ल्यांत ऐकून ऐकून अख्खी यादी तिला तोंडपाठ झाली होती.

पुढच्या गल्लीत ती गाडीतून उतरली. पदर खोचून तिनं खड्या आवाजात हाक दिली, “बाहेर या गं! तुमचं गटार मार्चमध्येच बांधून झालंय म्हणे!”